लॉबीतला मरळ

घोडपदेवच्या टॉवरमध्ये लॉबीतल्या टाकीतला मरळ मासा सकाळी मेलेला सापडला आणि दुपारपर्यंत गुन्हेगारही ठरून गेला. गेटपाशी मासळी विकणारी कालिंदीबाई! इथे चाळ होती तेव्हापासूनची तिची जागा संध्याकाळच्या मीटिंगमध्ये जाणार होती.

"मी नाय मारला. आणि मी उठनार पन नाय," तिने मेघनाला बजावलं.

मेघना खाजगी तपास करायची. तिच्यासोबत हिंडणाऱ्या दौलतला ही बाई एकदम आवडली, पण तिला वाचवायचं कसं ते काही त्याला सुचेना.

सेक्रेटरी हितेंद्र ठाम होते. "काल संध्याकाळी तिने टाकीत फिनेल ओतलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"टाकीची निगा कोण राखतं?" मेघनाने विचारलं.

"मीच! पाहुणे येणार म्हणून काल रात्री काठोकाठ भरली. मासा उड्या मारतो, म्हणून काचेच्या झाकणावर वजनही ठेवलं."

वॉचमन राजरत्न हळहळत होता. "सारखा वर येऊन तोंड बाहेर काढायचा, मॅडम. पोरं बघत बसायची. आज बघतो तर नाकाड सोललेलं!"

दौलत टाकीत डोकावला. पाणी झाकणाला टेकलं होतं. मरळाला खायला सोडलेले चिमुकले मासे खुशाल फिरत होते.

"खाणारा गेला, यांची चैन झाली," तो म्हणाला.

"दौलत, केस तूच सोडवलीस!"

कशी, ते बिचाऱ्याला मीटिंगपर्यंत कळलं नाही.

"फिनेल असतं तर हे छोटे आधी मेले असते," मेघना लॉबीत जमलेल्या सर्वांसमोर म्हणाली. "कल्ल्यांच्या पाकळ्या पापुद्र्याइतक्या पातळ. आत रक्त एका दिशेने, बाहेर पाणी उलट दिशेने वाहतं, म्हणून पाण्यातला जेमतेम प्राणवायूही रक्तात उतरतो. विषही तसंच उतरतं."

"मग मरळ कशाने मेला?" दौलतने विचारलं.

"बुडून."

लोक हसले. मेघना हसली नाही.

"मरळाला नुसते कल्ले पुरत नाहीत. तो वर येऊन हवा घेतो. काल वर हवाच नव्हती, होती ती काच. तिच्यावर धडका मारून त्याचं नाक सोललं. हितेंद्रसाहेब, ही चूक अजाणता झाली. फिनेलचं खोटं मात्र गेटवरची जागा रिकामी करायला, जाणूनबुजून!"

"एका माशासाठी एवढं..." हितेंद्र पुटपुटले.

कालिंदीबाई उठली, गेटवरची मासळीची पाटी उचलून आणली आणि लॉबीच्या चकचकीत फरशीवर मधोमध मांडली.

"सगल्यांसमोर माफी मागा, मंग गेटवर जाईन. तवर धंदा हितंच. बोला, कोनाला काय पायजे?"

दौलत पिशवी घेऊन पुढे झाला.