फोन आलाच पाहिजे

“बटणं दाबायची अक्कल नाही, आणि खापर फोनवर!”

मोबाइल दुरुस्तीच्या त्या चिंचोळ्या दुकानात मी दुकानवाल्या तरुणाच्या खांद्याशीच उभी होते. तो पुटपुटला स्वतःशी, ऐकलं मी.

“अक्कल नसलेली बाई इथेच आहे,” मी म्हटलं.

त्याने मान वर केली... कानाच्या पाळ्या लालेलाल. “म्हणजे... फोन चांगला आहे. जाणारे कॉल कुणीतरी बंद केलेत. चार आकड्यांचा कोड टाकला की सुरू.”

“कोड बाबांच्या डोक्यात आहे.”

“मग ते डोकं घेऊन या!”

समोरच आमचं चष्म्याचं दुकान. काचा मी बसवते. गिऱ्हाईक दारात दिसलं की बाबा त्याचा नंबर सांगतात, दोन्ही डोळ्यांचा! बिलाच्या धास्तीने त्यांनी कॉल बंद केले खरे, पण मेसेज राहिले. तिथेच घोळ झाला.

“उघडला फोन?” संध्याकाळी त्याचा मेसेज.

एकेका अक्षराला तीन-तीनदा बटण दाबत मी लिहिलं, “तुम्हाला कसली घाई?”

“दुकानात भांडता, तेवढं पुरत नाही.”

पुढे ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं... अंगठ्यालाच ठाऊक. आणि मग एकदा आलं, “दुसऱ्या गावी दुकान मिळतंय. उद्या निघतोय. लग्न करशील माझ्याशी? उत्तर मेसेजवर नको. तुझा फोन आला पाहिजे.”

रस्ता ओलांडून सांगता आलं असतं. पण मीही बाबांचीच मुलगी! फोन मागितलाय, तर फोनच जाणार – आणि आमच्याच फोनवरून.

“बाबा, कोड?”

“शिस्त म्हणजे शिस्त,” बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. बाबांना गुपचूप कोड टाकताना आम्ही दोघींनी पाहिलं होतं. तीनदा चुकला, कुलूप घट्ट झालं. आता ते फक्त फोन कंपनी काढणार, तेही बाबांनी स्वतः सांगितलं तर. पण गावाचे नंबर तोंडपाठ असलेल्या माणसाला ‘विसरलात’ हे तोंडावर कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी एका चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. आयुष्यात पहिल्यांदा. बाबांनी चष्मा डोळ्यांसमोर धरला, माझ्याकडे पाहिलं... काचा मुकाट्याने बदलल्या, चपला घातल्या.

“चल. फोन घे.”

समोरच्या दुकानात तो बॅग भरून उभाच होता. बाबांनी त्याच्याच फोनवरून कंपनीला फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांची मान ताठ झाली, आणि गिऱ्हाइकाचा नंबर सांगावा तशा खणखणीत आवाजात ते म्हणाले, “विसरलो! कोड विसरलोय मी.”

त्यांचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

थोड्या वेळाने कुलूप निघालं. मी त्याचा नंबर लावला. हातभर अंतरावर उभा तो, पण फोन चांगला दोनदा वाजू दिला शहाण्याने.

“हॅलो... कोण?”

“समोर बघ.”

“बोला, काय काम होतं?”

“काम... म्हणजे...” इतके दिवस मिरवलेला ताठा ऐन वेळी पसार झाला. तो हसत नव्हता आता. फोन कानाला घट्ट धरून नुसता बघत होता...

बाबांनी कपाळावर हात मारला.

“अरे, प्रेम आहे तिचं तुझ्यावर, दुसरं काय काम असणार! बोला पटापट, मिनिट पळतंय!”