फ्रेडलचा हातमोजा

संग्रहालय बंद झालं तरी बर्ता घरी गेली नाही. एक मेणबत्ती लावायची होती, एवढंच काम. ब्वेनोस आइरेसच्या थंडीत बाहेर लवकर अंधारून आलं होतं.

काचेच्या पेटीत लोकरीचा लाल हातमोजा होता, एकच, डाव्या हाताचा. शेजारी पाच वर्षांच्या फ्रेडलचा फोटो. पोलंडमध्ये ज्यू माणसं छळछावणीच्या गाडीत कोंबली जात होती, तेव्हा मोठ्या बहिणीच्या हातातून तिचा हात निसटला. मोजा तेवढा राहिला. ती मोठी बहीण म्हणजे बर्ताची आई.

आईनं फ्रेडलसाठी मृतांची मेणबत्ती जन्मात लावली नाही. "कुणी पाहिलंय तिला मेलेली?" म्हणायची. पण आता बर्ताला नात झाली होती आणि तिला हेच नाव द्यायचं होतं. जिवंत माणसाचं नाव बाळाला देऊ नये, मृत्यूचा दूत चुकून भलत्यालाच उचलतो, हे त्यांच्यात शेंबडं पोरही जाणतं. म्हणून शनिवारी सिनेगॉगमध्ये नाव जाहीर व्हायच्या आत तिला फ्रेडलला निरोप द्यायचा होता.

तिनं मेणबत्ती लावली. विझली.

"नाउम, खिडकी उघडी आहे का रे?"

"सगळं बंद आहे," म्हातारा पहारेकरी हसला. "आजीबाई झालीस, आता हात थरथरणारच."

पुन्हा लावली, पुन्हा विझली. कोळशाच्या धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. तिसऱ्यांदा बर्तानं ज्योतीभोवती ओंजळ धरली, आणि तिच्या कोपराशी कुणीतरी गाल फुगवून फुंकर मारली. फू...

नाउमचं हसू मावळलं. "बर्ता... चल इथून."

भीतीपेक्षाही बर्ताला त्या पोरीची दया आली. "नाही देत गं नाव," ती पुटपुटली. "तुझं तुलाच राहू दे..."

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती, सिल्विना.

"आई, रागावू नकोस हं. शनिवारी ह्यांना जमणार नव्हतं, म्हणून आज सकाळच्या प्रार्थनेतच नाव जाहीर करून टाकलं. फ्रेडल!"

बर्तानं मेणबत्ती पेटीपासून दूर सरकवली.

"आणि काय गं, संग्रहालयातला मोजा बाळाला कशाला दिलास? मुठीत घट्ट धरलाय, सोडतच नाही. ओला गच्च आहे."

बर्तानं पेटीकडे पाहिलं. मोजा जागच्या जागी होता.

"सिल्विना... कुठल्या हाताचा आहे तो?"

"थांब, बघते... उजव्या. आई, हिचे हात किती गार पडलेत गं!"