डावी नळी

एकोणीसशे एकोणसाठचा वैशाख. मुळशी धरणाचं पाणी खूप मागे हटलं होतं आणि तळाची काळी माती भेगाळून उघडी पडली होती. पौडचा हाफीज मिस्त्री सकाळच्या गाडीनं उतरला आणि पेटी खांद्यावर घेऊन हैबतरावांच्या बंगल्याच्या उतारावर पोचला. बंदुका दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. शब्द कमी वापरायचा आणि प्रत्येक बाराची नोंद वहीत करायचा.

काम साधं होतं. ताम्हिणीच्या रानातून उतरलेल्या वाघानं चार गुरं आणि एक बाई मारली होती. गुरुवारी हाका ठरला होता, रिह्याकडची साठ माणसं रान उठवणार होती. हैबतरावांच्या विलायती दुनळी रायफलीची जुनी काडतुसं संपली होती. नव्या बारूदीनं भरलेल्या काडतुसांवर रायफल बसवून, म्हणजे दोन्ही नळ्यांचा नेम एका जागी जुळवून द्यायची होती.

अशा रायफलीच्या दोन नळ्या दिसतात समांतर, पण पुढे किंचित एकमेकींकडे झुकवून डाख दिलेल्या असतात. उजवी उडताना उजवीकडे झटका खाते, डावी डावीकडे. बारूद मोजून घातली की दोन्ही गोळ्या एकाच जागी बसतात. बार हलका पडला तर गोळ्या फाकतात, भारी पडला तर एकमेकींना ओलांडून जातात. दोन ग्रेनांचा, चिमटीभर बारूदीचा फरकही कागदावर दिसतो. हाफीजला हे गणित आवडायचं. त्यात लबाडी नव्हती.

पन्नास वारांवर मातीचा बांध होता. त्यासमोर गेणबानं मधोमध ठिपका काढलेला कागद लावला. गेणबा हैबतरावांचा जुना हाकेवाला, सत्तरीचा. हैबतराव मागे खुर्चीत बसले. हाफीजनं टेबलावरच्या वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली आणि आधी उजवा, मग डावा बार काढला.

उजवी ठिपक्याच्या उजवीकडे दोन बोटं. डावी वीतभर डावीकडे.

"बार हलका आहे, सरकार," तो म्हणाला. त्यानं दोन ग्रेन वाढवले.

उजवी आत सरकली. डावी जिथल्या तिथं. नवी गोळी जुन्याच भोकातून गेली होती.

आणखी दोन वाढवले. उजवी ठिपका ओलांडून पलीकडे गेली. डावी त्याच भोकात. मग चार कमी केले. उजवी परत बाहेर आली. डावी हलली नाही.

हाफीजनं वहीत लिहिलं आणि लिहिलेलं पुन्हा वाचलं. नळ्या दोरीला टांगून लाकडानं ठोकल्या, नाद स्वच्छ होता. डाख कुठंही सुटला नव्हता.

"ऊन डोळ्यांवर येतंय," तो स्वतःलाच म्हणाल्यासारखा म्हणाला. त्यांनी टेबल उतारावरच्या ओढ्याच्या पलीकडे नेलं आणि कागद त्याच बांधावर तिकडे लावला. तिथून त्यानं तीन जोड्या काढल्या.

डावीच्या तिन्ही गोळ्या आता वीतभर उजवीकडे गेल्या होत्या. तिन्ही एकाच भोकात.

नळी लोखंडाची असते. ओढा ओलांडला म्हणून ती वाकत नाही. हाफीजनं गेणबाला कुदळ दिली आणि बांध उकरायला लावला. उजव्या नळीच्या सातही गोळ्या चेपटून निघाल्या. डाव्या भोकांच्या मागे मातीला ओरखडासुद्धा नव्हता.

 मग हाफीजनं सुतळी काढली. टेबलापासून भोकापर्यंत एक रेषा धरली आणि ओढ्याच्या अलीकडची दुसरी. बांधावर उभं राहून दोन्ही रेषा नजरेनं पुढे नेल्या. धरणाच्या उघड्या तळात, तीनेकशे पावलांवर, त्या एका जागी मिळत होत्या.

"तिथं काय आहे, गेणबा?"

गेणबानं हैबतरावांकडे पाहिलं. "काय न्हाई. गाळ हाय."

"परत ये, मिस्त्री," हैबतराव म्हणाले. "नळी बदलून घेऊ."

पण हाफीज उतरायला लागला होता. गुरुवारी त्या रानात साठ माणसं असणार होती, आणि नळी बसली म्हणून सांगायचं होतं त्यानं.

तळात एक म्हातारी गाळावर लावलेल्या काकडीच्या वेलांना पाणी घालत होती. साळूबाई. जवळच दोन्ही रेषांची जागा होती. तिथं तिनं काही लावलं नव्हतं.

"बार ऐकू आले ना, आजी? इकडं काही आलं?"

"बार ऐकले की. हितं काय येत न्हाई." तिनं घागर खाली ठेवली. "माजा मालक हैबतरावाच्या हाक्याला गेल्ता. कोंडिबा. तेरा वर्सं झाली. वाघानं नेला म्हनत्यात. पर कापडाची चिंधी घावली न्हाई."

"मग ही जागा मोकळी का?"

"हितं काय रुजतच न्हाई, बाबा."

गेणबा कुदळ घेऊन मागून आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं खणायला सुरुवात केली. वरचा थर दगडासारखा होता, तेरा पावसाळ्यांचा, कुठंही न उकरलेला. कमरेइतकं खोल गेल्यावर हाडं लागली. मनगटाच्या हाडावर तांब्याचं कडं होतं. साळूबाई खाली बसली आणि ते कडं पदरानं पुसत राहिली. रडली नाही.

बरगड्यांमध्ये एक गोळी होती, हिरवी पडलेली. तिच्याभोवती आणखी सात. चकचकीत, न चेपलेल्या, घरट्यात ठेवल्यासारख्या.

हाफीजनं वही उघडली नाही. डाव्या नळीचे बार त्याला पाठ होते. सात.

त्यानं एक उचलली आणि लगेच खाली ठेवली. ती गरम होती.

पोलीस पाटील आले, पंचनामा झाला. पाटलांनी हिरव्या गोळीबद्दल विचारलं. हैबतराव समोरच उभे होते. हाफीजनं गोळीवरच्या रेषांवरून नख फिरवलं आणि नळीच्या आतल्या आट्यांशी त्या ताडून पाहिल्या.

"ह्याच रायफलीची आहे," तो म्हणाला. "डाव्या नळीची. लिहून घ्या."

हैबतरावांनी मान वर केली नाही. "वाघावर टाकली होती," ते म्हणाले. "उजवी बसली. डावी कुठं गेली ते कळेपर्यंत कोंडिबा पडला होता." थोड्या वेळानं म्हणाले, "गेणबा, गुरुवारचा हाका नको."

"पुरायच्या आदीच बोलाय पायजे व्हतं. मी बी, तुमी बी," गेणबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी साळूबाईनं हाडांना अग्नी दिला. पाटलांचे कागद पुण्याला गेले होते, बोलावणं यायचं होतं. चौथ्या दिवशी सकाळी हाफीज हत्यारं न्यायला आला, तेव्हा हैबतराव रायफल घेऊन टेबलापाशी थांबले होते. दाढी वाढलेली होती.

"पाटील रायफल न्यायला येतोय. त्याआधी एकदा बघ," ते म्हणाले. "आता बसते का. एकच बार. मला कळायला हवं."

हाफीजला नको होतं. पण म्हातारा रायफल पुढे धरून उभा होता, आणि त्याला स्वतःलाही कळायला हवं होतं. त्यानं नवा कागद लावला, डाव्या नळीत काडतूस घातलं, श्वास रोखला आणि चाप ओढला.

धूर विरला. कागद कोरा होता.

बांधावर धूळ उडाली नव्हती.

 मग मागून बंगल्याचं दार वाजलं. हैबतरावांच्या पत्नी लीलाबाई उतारावरून येत होत्या. पदर दुमडून त्यांनी त्यात काहीतरी धरलं होतं, चुलीवरून उतरवलेलं भांडं धरतात तसं.

"तुमची गादी उन्हात टाकायला उचलत होते," त्या हैबतरावांना म्हणाल्या. "उशाशी हे होतं. कापड कुठं फाटलेलं नाही. जपून धरा, अजून पोळतंय."