सावळीचा कडा

वैशाखऱ्याला मोटार थांबली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आदल्या दिवशी शहापूरला माहुलीचा किल्ला पाहून झाला होता, सकाळी मुरबाडला चहा झाला होता, आणि आता अच्युतराव ताम्हणकर आपल्याच पुस्तकातली जागा दाखवायला निघाले होते. सोबत जयराम वकील आणि त्यांच्या पत्नी वत्सलाबाई. ते १९३८ साल होतं. अच्युतरावांचं प्रवासवर्णन शाळांना लावायचं की नाही हे ठरवणाऱ्या मंडळावर वकील होते.

"सावळीची हाक ऐकल्याशिवाय मी परत यायची नाही हं," वत्सलाबाई म्हणाल्या.

अच्युतराव नुसते हसले. सावळी त्यांनीच रचलेली होती. पाच वर्षांपूर्वी ते या कड्यावर आले तेव्हा इथे वाऱ्याखेरीज काही नव्हतं. पान कोरडं वाटलं म्हणून त्यांनी कल्याणला परत गेल्यावर एक गोष्ट घातली. नवऱ्याने कड्यावरून लोटलेली सावळी अर्ध्यावर झाडात अडकली, आणि वरून दगड टाकला की अजून हाक मारते. साऱ्या पुस्तकात लोकांना तेवढंच पान आवडलं.

गावामागून चढताना त्यांच्या लक्षात आलं, की इथे आता पायवाट पडली आहे. कड्यापाशी तर गवतही उरलं नव्हतं. तिथे वाडीतला एक माणूस बसला होता. तिशीचा असेल, पण पार वाळलेला. त्यांना पाहून तो उठला.

"पुस्तकवाले तुमीच ना? धसईच्या मास्तरानं सांगितलं, तुमी येणार म्हणून. मी बुधू."

"इथे काय करतोस?"

"बायकोपाशी बसतो. सावळी माजी बायको."

अच्युतरावांना गंमत वाटली. येणाऱ्याजाणाऱ्यांकडून विडीकाडी मिळत असेल, म्हणून वाडीने गोष्ट उचललेली दिसते. "अस्सं? लग्न कधी झालं तुमचं?"

"तेच आठवत नाय. वाडीत कुणालाच आठवत नाय. तिची फुंकणी चुलीपाशी हाय, लुगडं दांडीवर हाय. आन् मी तिला लोटली, ते आठवतं. या हातांनी. का लोटली, ते तुमी लिवलं नाय."

तेवढ्यात वत्सलाबाईंनी दगड टाकला.

तो कातळावर दोनदा आपटला. मग खालून हाक आली. शब्द नव्हता. घसा पार बसलेल्या बाईचा आवाज होता तो. वत्सलाबाईंनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. वकील म्हणाले, "वा! अगदी लिहिलंय तसं!"

अच्युतराव वाकून पाहायला गेले, पण खाली पानांच्या गर्दीत काहीच दिसेना.

"आमी दोर सोडला," बुधू हलकेच म्हणाला. "सगळ्या वाडीचे दोर बांधले. पुरत नाय. कितीपण बांधा, पुरत नाय. तुमी लिवलं अजून हाक मारते, म्हणून ती मरत नाय. सायेब, एवढं लिवा. सावळी मेली."

त्याने अच्युतरावांचे पाय धरले. सुटका करून घ्यावी म्हणून असेल, किंवा खरंच दया आली असेल, त्यांनी पिशवीतून दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या केलेली प्रत काढली. त्या पानाच्या समासात लिहिलं, 'सावळी पडली तेव्हाच मेली.' आणि बुधूला वाचून दाखवलं.

वत्सलाबाईंनी दुसरा दगड टाकला. मग तिसरा. मग बराच मोठा चौथा.

काही नाही. कुठेतरी एक पाखरू ओरडत होतं, तेवढंच.

बुधू मटकन खाली बसला. डोक्याचं मुंडासं सोडून त्याने त्यात तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते. "सुटली," तो म्हणाला. "सुटली गो बाय."

"म्हणजे एकदाच?" वत्सलाबाई हिरमुसल्या. "आणि ते तरी कशावरून खरं? हाच तोंडाने ओरडला असेल."

वकिलांनी घड्याळ पाहिलं. "ताम्हणकर, पोरांची सहल इथे आणायची, तर ऐकायला काही हवं ना. मंडळाला मी काय सांगू?"

अच्युतरावांच्या हातात पेन तसंच होतं. त्यांनी बुधूकडे पाठ केली. समासातल्या ओळीवर एक रेघ मारली.

खालून हाक आली. या वेळी दगडाविना.

बुधूने मुंडाशातून मान वर केली. अच्युतरावांना वाटलं, त्याच्याकडे पाहू नये. ते पानाकडेच पाहत राहिले, आणि चांगलं वाक्य सुचतं तसं त्यांना अचानक एक वाक्य सुचलं. लिहू नये, असं एक क्षण वाटलं.

त्यांनी लिहिलं. 'तिच्या पाठीशी झोळीत तान्ही मुलगी होती.'

कड्याखाली बाईच्या आवाजाला लागून दुसरा आवाज सुरू झाला. बारीक, न थांबणारा.

"अगं बाई!" वत्सलाबाई म्हणाल्या, आणि कडेपर्यंत धावल्या.

बुधू उठून उभा राहिला होता. विसरलेलं काही आठवताना माणूस थांबतो, तसा थांबला होता. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"बाळी," तो म्हणाला. "माजी बाळी." त्याने अच्युतरावांकडे पाहिलं. "दात येत होते तिला."