कागदावर न आलेल्या तीन फेऱ्या

हिरवा दिवा लागला आणि नेमकी कोरिनची गाडी बंद पडली. जेमतेम तीन आठवड्यांची नवी गाडी. मागच्या ट्रकमधला तरुण हॉर्न न वाजवता खाली उतरला आणि भुरभुरत्या बर्फात तिच्या खिडकीशी वाकला.

"किल्ली बंद करा. दहापर्यंत मोजा... हं, आता फिरवा."

गाडी सुरू झाली.

"जादूगार आहात का?"

"मेकॅनिक. ही गाडी जिथून घेतलीत ना, तिथलाच. नील म्हणतात मला."

तो हसला आणि कोरिनने उगाचच नजर खाली वळवली.

ओ क्लेअर गावाच्या आसपासच्या शेतवस्त्यांवर जाऊन बाळंतिणींना तपासायचं, हे तिचं काम. गाडीने दगा दिला की सगळंच अडायचं. पहिल्यांदा तिने शोरूमच्या खिडकीवर रीतसर तक्रार लिहून दिली, तर गाडी दोन दिवस अडकून पडली. ती न्यायला आली तेव्हा नील हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी खिडकीवर जाऊ नका. मागच्या दाराने या. तासाभरात बघतो मी."

ती तीनदा गेली. तो बॉनेट उघडायचा, थर्मासमधली कॉफी तिच्यापुढे धरायचा. बघता बघता 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"खरं सांग, गाडी बिघडते की तूच बिघडवतेस?"

"या कॉफीसाठी? एवढी काही बरी नाही ती."

असं म्हणायची आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची!

फेब्रुवारीत मात्र भर हमरस्त्यावर गाडी थांबली. मागून येणारा दुधाचा टँकर हातभर अंतरावरून निघून गेला. नव्या गाडीतला एकच दोष पहिल्या वर्षात चारदा दुरुस्त करूनही राहिला, तर कंपनीने गाडी परत घेऊन पैसे द्यायचे, असा तिथला कायदा. तिने अर्ज केला. उत्तर आलं — आमच्या दप्तरी दुरुस्ती एकदाच झाल्याची नोंद आहे.

ती तडक नीलकडे गेली. "तीनदा उघडलीस ना गाडी? कागद का नाही केलेस?"

"तुझा वेळ..."

"माझं वाटोळं केलंस तू. आता मी लवादाकडे जाणार, तिथे सुनावणीला येऊन सांग."

नील बराच वेळ हात पुसत राहिला. "मालकाने बजावलंय. कागदाशिवाय गाडीला हात लावला असं कबूल केलं, की नोकरी गेली."

"मग नको येऊस," ती म्हणाली आणि बाहेर आल्यावर रडली. गाडीचं दुःख होतंच, पण तो 'येतो' म्हणाला नाही, हे जास्त लागलं.

सुनावणी गावच्या वाचनालयातल्या वरच्या खोलीत होती. लवादाच्या लॉर्ना बीमबाई टिपणं काढत होत्या. कंपनीचा वकील पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "कागद एकच आहे." एवढ्यात दार उघडलं. कामाच्याच शर्टात नील आत आला.

"ही गाडी मी आणखी तीनदा उघडली होती. नऊ डिसेंबर, चार जानेवारी, एकवीस जानेवारी."

वकील हसला. "कागद नाहीत आणि तारखा मात्र तोंडपाठ?"

"ती आलेला दिवस मी विसरत नाही."

कोरिनने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"मग कागद का केले नाहीत?" बीमबाईंनी विचारलं.

"कागद केला की गाडी कुणाही मेकॅनिककडे जाते, बाई. मला वाटायचं... माझ्याकडेच यावी."

"गाडी?"

नील कानापर्यंत लाल झाला. "...नाही."

बीमबाईंनी चष्मा काढला. "कायद्याने प्रयत्न मोजायला सांगितलेत, कागद नाही. चार भरले. कंपनीने गाडी परत घ्यावी."

कोरिनने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दोघं जिना उतरून आले. बाहेर बर्फाचं पाणी होऊन रस्त्याकडेने वाहत होतं.

"नोकरी?" तिने विचारलं.

"मालकाला सकाळीच सांगून आलो. ठेवणार नाहीत."

"आणि माझी गाडी गेली." चालता चालता ती थांबली. "आता तुझ्याकडे यायला मला काही कारणच उरलं नाही, नील..."

त्याने पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला.

"मग विनाकारण ये."