खालच्या कोपऱ्यातली सही

"अप्पा, अख्ख्या आळीला तुमचं अक्षर बघायचंय! भिंत राखून ठेवलीय तुमच्यासाठी... सगळ्यांसमोर लिहायचं, तुमच्या हातानं!"

फोन स्पीकरवर होता आणि धाकट्या भावाचा, धम्मपालचा, आनंदानं चिरकलेला आवाज घरभर घुमत होता. अंगणात संध्या रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत बसली होती. ‘तुमच्या हातानं’ हे शब्द कानावर पडले आणि तिची बोटं डब्यातच थबकली. तिनं मान वर करून बापाकडं पाहिलं. अप्पाराव खाटेवर बसले होते, आणि अठरा वर्षांपासून थरथरणारा तो उजवा हात त्यांनी नेहमीसारखा मांडीखाली दाबून धरला होता.

"येतो की!" अप्पा म्हणाले. "न यायला काय झालं?"

संध्याच्या काळजात कळ उठली... आणि खरं सांगायचं तर पाठोपाठ मस्तकात तिडीकही गेली.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत ‘अप्पा पेंटर’ हे दुकान. बाहेर खुर्चीवर अप्पा, कानावर ब्रश खोचलेला, गिऱ्हाइकांशी गप्पा झोडणारे. आणि आत, अर्ध्या ओढलेल्या शटरमागं, उकाड्यात गुडघे मोडून पाट्या लिहिणारी संध्या! गिऱ्हाइकाला वाटे, उस्ताद लिहितात आणि पोरगी नुसता रंग भरते. या धंद्याचा रिवाजच तसा. अक्षर कुणाच्याही हातचं असो, खालच्या कोपऱ्यात सही दुकानाची. शहराचं नाव बदललं तेव्हा पाच अक्षरांच्या जागेत दहा अक्षरं बसवता बसवता तिचे डोळे फुटायची वेळ आली होती. नाव लांबलं, पाट्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. आणि चहा पिता पिता लोक म्हणत, "काय बसवलंय अप्पांनी!" अप्पा नुसते हसत.

अठरा वर्षांपूर्वी चित्रकला महाविद्यालयाच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. त्याच महिन्यात अप्पांचा हात कापायला लागला. डॉक्टर झाले, औषधं झाली, हात काही ऐकेना. दुकान बंद पडलं असतं तर वसतिगृहात राहून शिकणाऱ्या धाकट्या धम्माचं शिक्षण तिथंच थांबलं असतं. अप्पांनी तिला बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभं केलं होतं. "धम्माला कळू देऊ नको, बाई," ते म्हणाले होते. "कळलं तर तो पुस्तकं ठेवून ब्रश धरंल. शिकू दे त्याला." एकोणीस वर्षांच्या त्या पोरीनं मान हलवली... आणि दरसाल एप्रिलमध्ये जयंतीसाठी रातोरात भिंतीभिंतींवर निळ्या रंगात ‘शिका’ असं टपोरं लिहीत राहिली! स्थळं आली नि गेली, यादीचा कागद पेटीच्या तळाशी पिवळा पडला, आणि एकदाही कुणी तिला विचारलं नाही की तुला काय पाहिजे.

धम्मा शिकला. मुंबईला गेला, आणि तिथून कोकणातल्या एका जुन्या बंदरावरच्या वखार आळीत जाऊन राहिला. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या काळातल्या ओस पडलेल्या वखारी तिथं कलावंतांनी राहत्या केल्या होत्या. कुणी मडकी घडवी, कुणी ठसे छापी, कुणी समुद्राकडं बघत नुसतंच बसे, आणि तेही तिथं कामातच धरत असावेत. गेल्या जयंतीला धम्मा घरी आला आणि दुकानाच्या माळ्यावरून अकरा जुन्या पाट्या उचलून घेऊन गेला. फ्लेक्स आल्यावर दुकानदारांनी परत आणून टाकलेल्या पाट्या त्या. आळीत त्यानं त्यांचं प्रदर्शन मांडलं आणि त्याची माहितीपत्रिका मोबाइलवर पाठवली.

ती पत्रिका संध्यानं चारदा वाचली होती. ‘उतारवयात अप्पांनी आपली शैली बदलली,’ असं तिच्या सख्ख्या भावानं लिहिलं होतं. ‘पूर्वीचं ताठ अक्षर लवचीक झालं. विशेषतः त्यांचा ळ पाहावा. दोन्ही वाटोळ्या गाठी एकमेकींना टेकलेल्या, जणू शेजारी बसून गुजगोष्टी करणाऱ्या.’ अगं बाई! बदललेला हात याला बरोबर ओळखू आला, आणि तो हात कुणाचा, तेवढं मात्र समजलं नाही! तो ळ तिनं शटरमागं एका दुपारी, कंटाळून, स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून शोधून काढला होता. तिचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं.

फोन बंद झाला तशी ती उठली. "अप्पा, त्याला आता खरं सांगा."

"चार लोकांत नागवा करती का बापाला?"

"चार लोकांत मिरवायला तुम्हीच व्हय म्हणलात!"

"संध्ये, आवाज खाली," आतून चंपाबाई आल्या. "बाप हाये तो तुझा."

"आन् मी कोण हाये, माय?"

चंपाबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पा खाली बघत, अजिजीनं म्हणाले, "तू खाका करून दे. कोळसा मारला की ठिपक्यावरून ब्रश तेवढा फिरवायचा. तेवढं जमतंय मला. एकडाव... शेवटचं."

खाका म्हणजे अक्षरांच्या कडेकडेनं सुईनं भोकं पाडलेला कागद. तो भिंतीला लावायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची, की भिंतीवर ठिपक्यांची अक्षरं उठतात. मोठा कागद अंथरून संध्यानं ‘वखार आळी’ ही अक्षरं काढली आणि सुई हातात घेतली. एकेक भोक पाडताना तिच्या ओठांवर एकेक शिवी येत होती आणि डोळ्यांत पाणी. आपलाच हात, आपलाच ळ, आणि तो दुसऱ्याच्या नावावर चढवायचा खाकाही आपणच करायचा! तरी एक भोक वाकडं पडलं तेव्हा तिनं तो सगळा कागद फाडून दुसरा घेतला.

तिसऱ्या दिवशी बापलेक वखार आळीत उतरले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दिसला, पण संध्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खारा वारा अंगाला चिकटत होता, केस कपाळाला चिकटत होते, आणि धम्मा तिला हाताला धरून प्रत्येकाला सांगत होता, "ही माझी ताई. अप्पांना मदत करते." मदत! तिनं दात आवळले आणि रंगाचे डबे उचलले.

दुपारी सगळी आळी जमली. प्रदर्शनाची व्यवस्था बघणाऱ्या अमृता नावाच्या बाईंनी अप्पांच्या गळ्यात हार घातला. समोर जुन्या वखारीची चुन्यानं पांढरी केलेली भिंत. अप्पांनी खाका लावला तसा धम्मा पुढं होऊन हळूच म्हणाला, "अप्पा, खाका कशाला? तुम्ही तर थेट हातानं लिहिता ना?"

"भिंत नवी हाये," अप्पा पुटपुटले आणि त्यांनी पुरचुंडी थापटली.

कागद काढला... भिंतीवर ठिपके नव्हतेच. काळा, ओला, पसरलेला डाग होता. समुद्राच्या दमट हवेत चुना पाझरत होता, त्यात कोळसा भिजून ओघळला होता, आणि कागद लोळागोळा होऊन अप्पांच्या हातात लोंबत होता. चार महिने पावसाची वाट बघणाऱ्या मुलखातली ती दोघं; भिंतीला असा बारमाही घाम फुटतो हे त्यांना कुठून माहीत असणार! उभ्या जन्मात त्यांचा खाका असा फसला नव्हता.

अप्पांनी वळून संध्याकडं पाहिलं. ती नजर तिला अठरा वर्षांपासून पाठ होती. सावर, बाई. निभावून ने. तू आहेस म्हणून. आणि आयुष्यात पहिल्यांदाच संध्यानं मान फिरवली! हातात डबे गच्च धरून ती समुद्राकडं बघत उभी राहिली. आज नाही. आज तुमचं तुम्ही बघा.

मागं कुजबुज सुरू झाली. तिच्यानं राहवेना, तिनं चोरून पाहिलं. अप्पांनी ब्रश उचलला होता. डाव्या हातानं उजवं मनगट पकडून ते ‘व’ची पहिली रेघ ओढू बघत होते. रेघ थरथरली, घसरली, खाली ओघळत गेली... आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढं तो म्हातारा गळ्यातल्या हारासकट एवढासा दिसू लागला. संध्याच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. काय केलं मी हे! डबे खाली ठेवून ती धावणार, तोच अप्पांनी गळ्यातला हार काढला.

"धम्मा," त्यांचा आवाज फाटला, "अठरा वरीस झाले, म्या एक अक्षर लिहिलं नाय. हा हात कवाच मेला. त्या पाट्या तुझ्या ताईच्या हायेत. समद्या."

धम्मपालचा चेहरा पांढराफटक पडला. "पण ते अक्षर... तो ळ..."

"तिचाच हाये. कॉलेजच्या यादीत नाव लागलं व्हतं तिचं. म्या जाऊ दिलं नाय. तू शिकावं म्हणून." अप्पा थांबले. "आन् नंतर मला ग्वाड लागलं, बाबा. लोक वाहवा करायचे... ते लई ग्वाड लागलं. हे खरं हाये."

"ताई!" धम्मपाल तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर तू परत आला असतास!"

"आलो असतो! त्याच दिवशी आलो असतो!"

"म्हणूनच, बाबा... म्हणूनच नाही सांगितलं!"

त्यानं तिचे रंगानं माखलेले दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले आणि सगळ्या आळीदेखत तो लहान लेकरासारखा हमसून रडू लागला. "तुझी जागा होती ती. मी तुझ्या जागेवर बसून राहिलो, ताई, आणि मला कळलंही नाही..."

"बसलास तर बसलास," संध्या हुंदक्यातून म्हणाली. "त्याचं वाईट नाही वाटलं. पण माझा ळ अप्पांच्या नावावर खपवलास, वर त्यावर दोन पानं लिहिलीस... तेवढं मात्र मला सोसवलं नाही रे!"

रडता रडता धम्माला हसू फुटलं, आणि मग तिलाही. अठरा वर्षं छातीत साठलेलं सगळं एका हसण्यानं वाहून जात नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण छाती थोडी हलकी झाली होती. तिनं पदर खोचला. कोरड्या फडक्यानं भिंत पुसून काढली, काळा डाग गेला तेवढा घालवला, उरलेल्यावर चुना फिरवला, आणि तो वाळेपर्यंत भिंतीसमोर बसून राहिली. मग खाका नाही, रेघ आखायचं सूत नाही, थेट हातानं लिहायला लागली. शेवटच्या ळच्या दोन वाटोळ्या गाठी एकमेकींना टेकल्या तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. तिनं वळून पाहिलं नाही. पहिल्यांदाच उजेडात, जणू शटर पूर्ण वर असावं तशी ती लिहीत होती, आणि तिला घाई नव्हती.

सवयीनं तिचा ब्रश खालच्या कोपऱ्यात गेला. सवयीनंच तिनं ‘अ’ची पहिली वळणदार रेघ ओढायला घेतली.

"थांब." अप्पांनी तिचं मनगट धरलं. "आण इकडं."

ते भिंतीपाशी खाली बसले. डाव्या हातानं उजवं मनगट धरून, जिभेचं टोक दातांत दाबून, लिहीत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ‘सं’चं टिंब भलतीकडं पडलं. ‘ध्या’ची काठी मध्येच मोडून पुढं गेली. संबंध भिंतीवर एवढं वेडंवाकडं दुसरं काहीच नव्हतं.

"बिघडलं का गं?" अप्पांनी विचारलं.

हात कापू लागला त्या पहिल्या दिवसांत त्यांची प्रत्येक बिघडलेली रेघ तिनं मागाहून गुपचूप सरळ केली होती. आताही हात शिवशिवला. एक फराटा मारला की काठी सरळ झाली असती.

"नाय, अप्पा," संध्या म्हणाली, आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून तिनं तो धुऊन टाकला.