राहनाळच्या मशीनमधली रिकामी जागा

हे मी दीक्षाला विचारून लिहितोय. दीक्षा माझी मावसबहीण. ती म्हणाली, "लिही. पण वाढवून लिहू नकोस." म्हणून जेवढं घडलं, तेवढंच सांगतो.

मे २००८. शुक्रवार. भर दुपार.

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. एरवीची ती खडखड थांबली की शांतता कानाला टोचते.

दीक्षा तेव्हा कल्याण नाक्याजवळच्या एका ऑफिसात होती. दापोडे, मानकोली, राहनाळ... तिथल्या गोदामांमधले सर्व्हर, म्हणजे मालाची नोंद ठेवणारे मोठे कॉम्प्युटर, ती ऑफिसात बसून सांभाळायची. प्रत्येक मशीनमध्ये एक छोटी चिप असते. कुठल्या जागेवर कोणता पार्ट आहे, कोणत्या कंपनीचा, नंबर काय, सगळं ती लांबूनच कळवते. पार्ट काढला तरी कळतं. बसवला तरी कळतं.

त्या दुपारी तिच्याच ऑफिसातला सुमित राहनाळला गेला होता. दोघं एकदमच नोकरीला लागलेले. गोदामाच्या माळ्यावर पत्र्याची केबिन, तिथे गोदामाच्या विटांच्या भिंतीला लागून मशीन. मशीनला वीज पुरवणाऱ्या दोन पॉवर सप्लायपैकी एक बदलायचा होता. विटेएवढा डबा असतो तो. जुना ओढून काढायचा, त्याच खाचेत नवा सरकवायचा.

सुमितचा फोन आला. "दीक्षा, जुना काढतोय. बघ जरा."

स्क्रीनवर ओळ बदलली.

जागा रिकामी.

"निघाला," ती म्हणाली. "आता नवा लाव."

"थांब हां... आत काहीतरी..."

फोन कट झाला.

तिने परत लावला. नुसती रिंग वाजत राहिली. शेवटी तिने गेटवर फोन केला. वॉचमन बाळारामने उचलला.

"दादा, सुमितला फोन घ्यायला सांगा ना."

"मॅडम, इथं आग लागलीय! खाली पुठ्ठा पेटलाय सगला!"

"आणि सुमित?"

"तो मघाशीच गेला. गाडी न्हाय त्याची हितं."

"अहो, तो आज रिक्षाने आलाय!"

तेवढ्यात तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं.

पार्ट बसवला...

कंपनीचं नाव कोरं. नंबर कोरा.

पार्ट काढला.

बसवला...

काढला...

घाई नाही, गडबड नाही. कुणीतरी श्वास घ्यावा, सोडावा, तसं.

"दादा, तो आत आहे! मशीनला हात लावतोय तो! मला दिसतंय!"

"कसं दिसंल, मॅडम? मेन स्विच मी सोता पाडलाय. मशीनच्या बॅटऱ्या खाली व्हत्या, त्याबी जलल्या. मशीन बंद हाय."

बसवला...

"दादा, तुमच्या पाया पडते. बंबवाल्यांना सांगा, वर माणूस आहे."

बाळारामने आरडाओरडा केला. बंबवाल्यांनी मागून शिडी लावून छपराचा पत्रा कापला. दीक्षा फोन कानाला धरून बसली होती. तिकडून नुसता गलका ऐकू येत होता. मग बाळाराम रडायला लागला.

आतून दोघांना काढलं.

एक सुमित. तो गेला होता.

दुसरी गुणाबाई, झाडू मारणारी. ती वर गेलीय हे कुणाला माहीतच नव्हतं. ती जिवंत होती.

दीक्षा हॉस्पिटलात पोचली तेव्हा सुमितची आई बाहेर बाकड्यावर बसली होती. ती रडत नव्हती. तिने दीक्षाचा हात धरला आणि एवढंच विचारलं, "तुझ्याशीच बोलत होता ना गं?"

आत सुमितच्या डाव्या हातात जुना पार्ट तसाच होता. मूठ सुटत नव्हती.

उजव्या मनगटावर चार बोटांचे वळ होते. निळे पडलेले. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. डॉक्टर म्हणाले, धूर.

आणि नवा पार्ट?

तो खोक्यातच होता. सील फोडलेलं नव्हतं.

मग त्या खाचेत बसत होतं, निघत होतं... ते काय होतं?

गुणाबाई बोलायला लागल्यावर दीक्षा तिला भेटायला गेली. जवळ बसली. "मावशी, सुमित शेवटी काय करत होता? मशीनला हात लावत होता ना?"

"न्हाय गं पोरी. तो तं आधीच पडला. आग वर यायच्याबी आधी."

"मग हात कोण लावत होतं?"

"भायरून कुणीच न्हाय."

"म्हणजे?"

"मी दाराशी पडलेली. हलता येत नव्हतं. त्या पेटीला भोक पडलेलं ना, डबा काढला तिथं... तिथून बोटं येत व्हती. भायेर यायची... परत आत जायची. पोराचा हात धरलेला त्यांनी."

पेटीच्या मागे भिंत होती. सबंध विटांची भिंत.

दीक्षाने पुढच्याच आठवड्यात नोकरी सोडली. आता ती शहापूरला शिवणकाम करते. या विषयावर कधी बोलत नाही. मला तिने हे गेल्या वर्षी सांगितलं, तेही एकदाच.

मी तिला म्हटलं, "पण तुझ्यामुळे गुणाबाई वाचली ना?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग त्या दिवशीची शेवटची ओळ सांगितली. ती तिने पोलिसांनाही सांगितली नव्हती. पत्रा कापला, त्या क्षणाला स्क्रीनवर आलेली. त्यानंतर ते मशीन कायमचं गप्प झालं.

जागा रिकामी.

"म्हणजे ते परत आत गेलं असेल," मी म्हणालो.

"किंवा पूर्ण बाहेर आलं असेल," ती म्हणाली.